जुनं व्हीजीए कार्ड : स्क्रीनभर डॉलर दिसतायत, मदत हवी

खटपट्या | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

एका जुन्या ३८६ कॉम्प्युटरमधून निघालेलं आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) व्हीजीए कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड, गेले तीन आठवडे टेबलावर घेऊन बसलोय. चिप त्सेंग ईटी४०००एएक्स, मेमरी १ एमबी (८ चिपा, सगळ्या सॉकेटमध्ये). बोर्ड कुणी बनवलं त्याचा शिक्का कुठेच नाही.

आधी मशीन सुरूच होत नव्हतं. कार्ड लावलं की पॉवर सप्लाय 'टिक' करून गप्प, पंखा अर्धा वळसा घेऊन थांबायचा. कार्ड काढलं की सगळं ठणठणीत. कार्ड बाहेर ठेवून सोन्याच्या पट्ट्यांवर मीटर लावला. बी१ ग्राउंड आणि बी३ म्हणजे +५ व्होल्ट, तिथे ठीक होतं. बी१ आणि बी९ म्हणजे +१२ व्होल्ट, तिथे एक ओहमसुद्धा नाही. त्या लाइनवर पिवळ्या थेंबासारखा एक टँटलम कपॅसिटर होता. तो उपटला, शॉर्ट गेला. १६ व्होल्टचा होता, जागी २५ व्होल्टचा लावला.

आता मशीन सुरू होतं, चित्रही येतं. पण स्क्रीनवर जिथे मोकळी जागा असायला हवी तिथे सगळीकडे $ $ $ $. मधूनमधून अक्षरं दिसतात, तीही भलतीच. मेमरी गेली असं धरून ८ नवीन चिपा मागवल्या, आठही बदलल्या. डॉलर तसेच.

आता काय करू?

---

टवाळ_कार्टं | शनिवार, रात्री १०:५८

स्क्रीनभर डॉलर आणि तक्रार करताय? आमच्या स्क्रीनवर पाठवा थोडे.

---

नवा_गडी | शनिवार, रात्री ११:१५

डॉसबॉक्स नावाची गोष्ट आहे हो, आजच्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम. दोन मिनिटांत सगळे जुने खेळ चालतात. एवढा खटाटोप कशासाठी?

---

खटपट्या | शनिवार, रात्री ११:२१

@नवा_गडी, खेळ खेळायचा नाहीये, कार्ड दुरुस्त करायचंय. फरक पडतो :)

---

भट्टीवाला | रविवार, सकाळी ८:०५

माझा अनुभव सांगतो. माझं एक ग्राफिक्स कार्ड असंच वेडंवाकडं दाखवायचं. प्लास्टिकचे भाग काढून ओव्हनमध्ये २०० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं, चालू झालं. सोल्डर वितळून परत बसतं. करून बघा.

---

फ्लक्सताई | रविवार, सकाळी ८:३१

भट्टीवाले, कृपा करा आणि हा सल्ला या कार्डाला देऊ नका. तुमचं कार्ड २००६ नंतरचं असणार, शिसंविरहित सोल्डरचं, चिपेच्या पोटाखाली गोळे असलेलं. तिथेही भाजण्याने चार दिवस चालतं आणि पुन्हा मरतं. मुळात त्या शिसंविरहित सोल्डरला वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं, म्हणजे २०० वर तुमचं सोल्डर वितळलंच नव्हतं. गरम होऊन काहीतरी तात्पुरतं हललं, इतकंच.

खटपट्यांचं कार्ड शिशाच्या सोल्डरचं आहे. ते १८३ अंशांना वितळतं. २०० वर ठेवलं तर सगळा बोर्ड मऊ पडेल, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुगतील, सॉकेटचं प्लास्टिक वाकेल, आणि ज्या ओव्हनमध्ये जेवण होतं त्यात शिसं आणि फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्या पदार्थाचा) धूर जाईल.

खटपट्या, टँटलमचं काम छान केलंत. एकच विचारते, पट्टी कुठल्या बाजूला ठेवलीत? टँटलमवरची पट्टी किंवा + ची खूण धन बाजू दाखवते, ॲल्युमिनियमच्या डब्यावरची पट्टी ऋण. यात भलेभले गंडतात, आणि उलटा लावलेला टँटलम आधी गप्प बसतो आणि मग आग ओकतो.

---

खटपट्या | रविवार, सकाळी ९:१०

धनच ठेवलीय ताई. (तुमचं वाचून पुन्हा जाऊन बघितली.)

---

पेन्शनर | रविवार, सकाळी ९:४७

मेमरीच्या चिपा बदलण्याआधी इथे विचारलं असतंत तर बरं झालं असतं. असो.

तीन गोष्टी करा आणि जसंच्या तसं लिहा. 'विचित्र दिसतं' असं लिहू नका.

प्रॉम्प्ट आल्यावर तो कसा दिसतो, एकेक चिन्ह.
डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) टाइप करा. पडद्यावर काय उमटतं? आणि एंटर मारल्यावर आज्ञा चालते का?
अक्षरांचा रंग आणि आकार कसा आहे? म्हणजे जे भलतं अक्षर दिसतं ते सुबक, पूर्ण अक्षर आहे, की फाटकं?

---

खटपट्या | रविवार, सकाळी ११:३०

काका, बघून लिहितो.

प्रॉम्प्ट असायला हवा सी : \ > असा. दिसतो जी > \ > असा. म्हणजे सी चा जी झाला, कोलनचा > झाला, पुढचे दोन बरोबर.

डीआयआर टाइप केलं तर डीएमव्ही उमटतं. एंटर मारलं की यादी मात्र येते (अर्थात डॉलरांनी भरलेली). म्हणजे मशीनला बरोबर कळतंय, मलाच चूक दिसतंय.

रंग नेहमीचा, काळ्यावर राखाडी. अक्षरं अगदी सुबक. फाटकं काही नाही.

---

पेन्शनर | रविवार, दुपारी १२:२५

झालं. तुमच्या कार्डाने स्वतःच सांगितलं की. आता कागद घ्या.

प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. मोकळी जागा ३२, डॉलर ३६. फरक ४.
सी ६७, जी ७१. फरक ४.
कोलन ५८, > चं चिन्ह ६२. फरक ४.
आय ७३, एम ७७. आर ८२, व्ही ८६. पुन्हा ४.

आणि जी चिन्हं बरोबर दिसली ती बघा. डी म्हणजे ६८, तो ६४ आणि ४ मिळून होतो. बॅकस्लॅश ९२, म्हणजे ६४ + १६ + ८ + ४. > चं चिन्ह ६२, त्यातही ४ आहेच. ज्यांच्यात ४ आधीपासून आहे ती शाबूत, ज्यांच्यात नाही त्यांना तो चिकटतो. आठ तारांपैकी एक तार, ४ ची, कायम 'एक' दाखवते. स्क्रीनवर दोन हजार चुका दिसत असतील, बिघाड एकच आहे.

आता ती तार कुठली, हेही कळतं. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हा मेमरी चार थरांत मांडलेली होती, आणि नंतरच्या सगळ्या नकला तशाच चालल्या. टेक्स्ट मोडमध्ये पहिल्या थरात अक्षराचा आकडा, दुसऱ्यात त्याचा रंग, तिसऱ्यात अक्षरांचे आकार. आपण ० पासून मोजतो, म्हणून थर ०, १, २.

रंग ठीक, म्हणजे थर १ ठीक. आकार सुबक, म्हणजे थर २ ठीक. आकडा चुकतोय, म्हणजे थर ०. तुमच्याकडे ८ चिपा, प्रत्येकीला ४ तारा, एकूण ३२ तारा. त्यातली एक. बाकीच्या ३१ ला हात लावू नका.

---

कुतूहल | रविवार, दुपारी १२:५०

दंडवत घ्या काका! _/\_

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, पण हे कागदावर करून बघितलं. म्हणजे ए बी सी डी ई एफ जी एच टाइप केलं तर ई एफ जी डी ई एफ जी एल दिसेल, बरोबर?

---

खटपट्या | रविवार, दुपारी १:०४

@कुतूहल, आत्ता टाइप करून बघितलं. तंतोतंत तेच. अंगावर काटा आला राव.

---

रॉमरक्षक | रविवार, दुपारी २:१५

जरा थांबा. कार्डावरचा रॉम गेला नसेल कशावरून? अक्षरांचे फॉन्ट त्यातच असतात. ईप्रॉमच्या (प्रकाशाने पुसता येणाऱ्या रॉम चिपेच्या) काचेवरचा कागद निघाला असेल तर प्रकाशाने बिट उडतात. उत्पादकांची माहितीपत्रकं सांगतात की थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण ३ वर्षांत ईप्रॉम पुसला जाऊ शकतो.

---

पेन्शनर | रविवार, दुपारी ३:४०

प्रश्न रास्त आहे. पण रॉममधला फॉन्ट बिघडला तर सी वेडावाकडा दिसेल, त्याचा सुबक जी होणार नाही. शिवाय रॉमची बेरीज जुळली नाही तर मशीन त्या रॉमकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा चित्रच येत नाही, बऱ्याच बायॉसवर (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) एक लांब आणि दोन छोट्या शिट्ट्या ऐकू येतात. इथे चित्र येतंय.

तरी खटपट्या, प्रोग्रॅमर (रॉम वाचणारं यंत्र) हाताशी असेल तर रॉम वाचून फाइल ठेवून द्या. कार्ड जिवंत आहे तोवर प्रत काढलेली बरी.

---

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ६:३०

रॉम वाचला. २७सी२५६ आहे, ३२ केबी. पहिले दोन बाइट ५५ आणि एए. तिसरा ४०, तो हेक्समध्ये, म्हणजे ६४ तुकडे, प्रत्येकी ५१२ बाइटचे, ३२ केबी जुळले. सगळ्या बाइटांची बेरीज केली, शेवटचे दोन हेक्स आकडे शून्य. रॉम निर्दोष. काचेवरचा कागद खरंच अर्धा सुटला होता, त्यावर नवी अपारदर्शक चिकटपट्टी लावली. आभार @रॉमरक्षक.

---

डॉसचा_दास | रविवार, संध्याकाळी ७:१२

पेन्शनर काकांचं म्हणणं खरं असेल तर ग्राफिक्स मोडमध्येही ते दिसायला हवं. क्यूबेसिक (डॉसबरोबर येणारा बेसिक भाषेचा प्रोग्रॅम) उघडा आणि स्क्रीन १२ ही आज्ञा द्या, मग स्क्रीन १३. दोन्ही वेळा पडदा कोरा काळा हवा. आधी माझं भाकीत लिहून ठेवतो, नंतर 'मला माहीतच होतं' म्हणायची सोय नको.

स्क्रीन १२ मध्ये (६४० × ४८०, १६ रंग) थर ० म्हणजे निळा रंग. एका बाइटात आठ ठिपके. म्हणून दर आठव्या ठिपक्यावर एक बारीक निळी उभी रेघ. एकूण ८०.

स्क्रीन १३ मध्ये (३२० × २००, २५६ रंग) हिशोब बदलतो. तिथे एक बाइट म्हणजे एक ठिपका, आणि ठिपके चार थरांत आळीपाळीने वाटलेले. थर ० ला दर चौथा ठिपका येतो, त्यात ४ मिसळणार, आणि मूळ रंगपेटीत ४ नंबर म्हणजे लाल. तेव्हा लाल उभ्या रेघा. त्याही ८०.

---

खटपट्या | रविवार, रात्री ८:०१

मोबाइलने फोटो काढून, मोठा करून मोजल्या. निळ्या ८०. लाल ८०. लाल रेघा दुप्पट जाड आहेत, पण दोन रेघांमधलं अंतर तेवढंच.

बायको विचारतेय की स्क्रीनवरच्या रेघा मोजत का बसलाय. काय सांगू?

---

टवाळ_कार्टं | रविवार, रात्री ८:०५

सांगा डॉलर मोजून झाले, आता रेघा मोजतोय.

---

पेन्शनर | रविवार, रात्री ९:१८

दास, शाब्बास. जाडी दुप्पट का, हे ज्याला हवं त्याने शोधावं, सोपं आहे.

आता सॉकेट शोधू. मशीन बंद करा, एक चिप काढा, सुरू करा, बघा, पुन्हा बंद. चालू मशीनमध्ये चिप ओढू नका आणि कार्डाला हात लावण्याआधी केसच्या पत्र्याला हात लावा. ज्या सॉकेटची चिप काढल्यावर रंग आणि आकार शाबूत राहतील पण आकडे आणखी बिघडतील, तो थर ०. त्याचे दोन सॉकेट असणार, एकात १, २, ४, ८ च्या तारा, दुसऱ्यात १६ पासून १२८ पर्यंतच्या. लटकती तार 'एक' वाचली जातेय असं धरलं, तर पहिल्यातली चिप काढल्यावर ३२ चे ४७ होतील. म्हणजे डॉलरच्या जागी तिरकी रेघ /. तो आपला सॉकेट.

---

खटपट्या | सोमवार, रात्री १०:२०

सापडला! तिसऱ्या सॉकेटची चिप काढली आणि स्क्रीनभर / / / /. बाकी कुठल्या सॉकेटला असं होत नाही. एका सॉकेटला रंगांचा शिमगा झाला, दुसऱ्या एकाला अक्षरं फाटली, म्हणजे थरांचं तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं.

चिप तर नवीच आहे, आणि शेजारच्या सॉकेटमधल्या चिपेशी अदलाबदल करूनही डॉलर तिथेच. मग तारच तुटलीय का बघितलं. या चिपेचे (५१४२५६, २० पायांची) डेटाचे पाय १, २, १८, १९. सॉकेटच्या या चार पायांपासून मोठ्या (त्सेंग) चिपेच्या पायांपर्यंत मीटर बीप मोडवर लावला. चारही ठिकाणी व्यवस्थित बीप! आता तर डोकंच चालत नाही.

मोठी चिपच आतून गेली असेल का? मग कार्ड टाकून द्यायचं?

---

रॉमरक्षक | सोमवार, रात्री १०:४४

असं असेल तर दुर्दैवाने हो. ती चिप सुटी मिळणं कठीण आणि बदलणं त्याहून कठीण.

---

फ्लक्सताई | सोमवार, रात्री ११:०२

थांबा, थांबा. एवढ्यात तिलांजली देऊ नका.

मीटरचं टोक मोठ्या चिपेच्या पायावर ठेवताना दाबलंत का?

---

खटपट्या | सोमवार, रात्री ११:०६

हो, टोक घसरू नये म्हणून जरा जोरातच. का?

---

फ्लक्सताई | सोमवार, रात्री ११:२९

तिथेच फसलात. मीही फसले होते, दोन रात्री गेल्या होत्या.

जुन्या बोर्डांवर चौकोनी चिपेचा एखादा पाय बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर नुसता टेकलेला असतो, डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला असतो. ड्राय सोल्डर म्हणतात ते. वरून सगळं चकचकीत दिसतं. तुम्ही मीटरचं टोक पायावर दाबता, पाय खाली टेकतो, बीप होते. टोक उचललं की पाय वर. म्हणजे तुम्ही मोजता तेवढ्यापुरती ती तार दुरुस्त असते!

मोजायचं ते असं. एक टोक सॉकेटच्या पायाला. दुसऱ्या टोकाला शिवणाची बारीक सुई बांधा, आणि ती पायाच्या वरच्या खांद्याला, जिथे तो चिपेच्या पोटातून बाहेर पडतो तिथे, आडवी नुसती टेकवा. खाली अजिबात दाब नको.

मीटरही नको असेल तर भिंग लावा, लाकडी टूथपिक घ्या आणि त्या बाजूचा एकेक पाय हळूच आडवा ढकलून बघा. पक्का पाय हलत नाही. सुटलेला हलतो. फार जोर लावू नका, पाय तुटला तर मग खरंच तिलांजली.

---

खटपट्या | सोमवार, रात्री ११:४०

अरे हो! एक सांगायचं राहिलं. परवा मॉनिटरची केबल घट्ट करताना कार्ड जरा वाकलं, आणि तेव्हा टाइप केलेली एक ओळ अगदी स्वच्छ आली होती. वरच्या जुन्या ओळींत डॉलर तसेच, फक्त नवी ओळ नीट. मला वाटलं भास झाला.

---

पेन्शनर | मंगळवार, सकाळी ७:१५

हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत हो! कार्ड वाकवल्यावर लक्षण बदलतं, याहून मोठी खूण नाही. आतून गेलेली चिप वाकवल्याने सुधारत नाही.

जुन्या ओळी तशाच का राहिल्या तेही समजून घ्या. तार सुटलेली असताना मेमरीत जे लिहिलं गेलं तेच चूक लिहिलं गेलं. नंतर तार जुळली तरी आधीचं लिहिलेलं कसं सुधारेल? नवं लिहिलं तेवढं बरोबर.

फ्लक्सताई, तुमचा मीटरचा मुद्दा मी चाळीस वर्षांत कुणाला इतका नेमका सांगितला नव्हता. मान्य.

---

बारा_एमबी | मंगळवार, सकाळी १०:३३

थोडं अवांतर. थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू २ वर (१९९८ चं कार्ड) हाच रोग फार दिसतो. त्यावर तीन मोठ्या चौकोनी चिपा, एक चित्र जुळवणारी आणि दोन पोत चढवणाऱ्या, सगळ्या बारीक पायांच्या. खोक्यात कार्डावर कार्ड टाकून ठेवलं की पाय वाकतात, शेजारच्याला चिकटतात किंवा सुटतात. माझ्या १२ एमबीच्या कार्डात भिंती नीट दिसायच्या पण त्यांच्यावर ठिपक्यांची जाळी यायची. पोत चढवणाऱ्या एका चिपेचे दोन पाय एकमेकांना टेकले होते. पातळ ब्लेडच्या टोकाने वेगळे केले, झालं. एक पैशाचा सुटा भाग लागला नाही.

---

निळाई | मंगळवार, दुपारी ४:५०

धाग्यात घुसते, माफ करा. माझ्या जुन्या कार्डावर पांढरं सगळं पिवळं दिसतं. हीही मेमरीच का?

---

डॉसचा_दास | मंगळवार, संध्याकाळी ५:२२

नाही. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळा उरतो. सगळ्या मोडमध्ये, सगळीकडे सारखंच पिवळं असेल तर बिघाड मेमरीत नाही, बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. आधी दुसरी केबल लावून बघा.

केबल ठीक असेल तर कार्ड बाहेर काढा आणि १५ छिद्रांच्या कनेक्टरवर मीटर लावा. १ लाल, २ हिरवा, ३ निळा, त्यांची ग्राउंड अनुक्रमे ६, ७, ८. तिन्ही जोड्यांत साधारण ७५ ओहम दिसायला हवेत. ३ आणि ८ मध्ये काय येतं ते सांगा.

---

निळाई | मंगळवार, रात्री ९:०३

केबल ठीक. लाल ७५, हिरवा ७५, निळ्यावर मीटर काहीच दाखवत नाही.

---

डॉसचा_दास | मंगळवार, रात्री ९:११

मग कनेक्टरच्या ३ नंबरच्या पायाचा डाग तडकलाय, किंवा त्याच्यापासून ७५ ओहमच्या रेझिस्टरपर्यंतची वाट तुटलीय. केबल ओढून ओढून हे होतंच. बोर्ड उलटा करून पायाभोवती बारीक गोल भेग दिसते का बघा. दिसली तर थोडा फ्लक्स, थोडं नवं सोल्डर.

---

निळाई | मंगळवार, रात्री ९:४०

गोल भेग आहे!! भिंगाशिवायसुद्धा दिसली. भावाकडून डाग देऊन घेते.

---

खटपट्या | बुधवार, रात्री ११:५५

मंडळी, सापडला.

टूथपिकने बघत गेलो. मेमरीकडच्या बाजूचा, कोपऱ्यापासून सातवा पाय लुकलुकत होता, हलणाऱ्या दातासारखा. खात्रीसाठी सुई लावून, न दाबता मोजलं. सॉकेटच्या २ नंबरच्या पायापासून तिथपर्यंत बीप नाही. टूथपिकने पाय हलकेच खाली दाबला, बीप. सोडला, गप्प. दहा वेळा करून बघितलं, मजा वाटत होती.

आता डाग द्यायला भीती वाटतेय. शेजारचे पाय केसभर अंतरावर आहेत. सगळे एकमेकांना चिकटले तर?

---

फ्लक्सताई | गुरुवार, सकाळी ८:१०

चिकटले तर सुटतात, घाबरू नका. क्रम सांगते.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन ती बाजू स्वच्छ करा, वाळू द्या. मग फ्लक्स लावा, आणि कंजुषी करू नका. असली कामं बहुतेक वेळा फ्लक्स कमी पडल्यामुळे बिघडतात, हात कापल्यामुळे नाही. रोझिनचा जेल असेल तर उत्तम.

सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर. टोक स्वच्छ, त्यावर सोल्डरचा अगदी बारीक लेप, गोळा नको. टूथपिकने पाय खाली धरा, टोक पायाच्या बोटाला, म्हणजे बोर्डावर टेकलेल्या भागाला, समोरून लावा. दोन सेकंद. जुनं सोल्डर वितळून चमकेल आणि पायाला चढेल. आधी इस्त्री उचला, मग दोन-तीन सेकंदांनी टूथपिक. उलट केलं तर पाय पुन्हा वर उडी मारेल.

शेजाऱ्याला चिकटलं तर पुन्हा फ्लक्स, आणि स्वच्छ टोक पायांच्या दिशेने बाहेर ओढा, जादाचं सोल्डर टोकावर येतं. तांब्याची विणलेली वात असेल तर तीही चालेल, पण वात पायांवर आडवी घासू नका.

आणि एकच पाय करून थांबू नका. त्या बाजूचे सगळे पाय एकदा ताजे करून घ्या. एक सुटलाय म्हणजे शेजारचे वाटेवर आहेत.

---

भट्टीवाला | गुरुवार, सकाळी ९:०२

ताईंचं पटलं. माझं 'दुरुस्त झालेलं' कार्ड तीन महिन्यांनी परत बंद पडलं होतं, ते लिहायचं राहिलं होतं.

---

पेन्शनर | गुरुवार, सकाळी ९:३०

डाग दिल्यावर लगेच मशीनमध्ये घालू नका. थंड होऊ द्या, अल्कोहोलने फ्लक्स धुवा, आणि +५ आणि +१२ दोन्ही पुन्हा ग्राउंडशी मोजा. सोल्डरचा एक थेंब कुठे पडला असेल तर तो मीटरवर कळलेला बरा, धुरावर नको.

एज कनेक्टर (त्या सोन्याच्या पट्ट्या) खोडरबराने घासायचा मोह आवरा. सोन्याचा थर फार पातळ असतो. कापड आणि अल्कोहोल पुरे.

---

खटपट्या | शनिवार, संध्याकाळी ७:३५

सी : \ >

वरचं अक्षर सी आहे, जी नाही!

दोन पाय चिकटले होते, सुटले. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी मोजलं, मग लावलं. डीआयआर लिहिलं, डीआयआर दिसलं. स्क्रीन १२ काळा, स्क्रीन १३ काळा, एकही रेघ नाही. कार्ड थोडं वाकवून बघितलं (ताई, रागावू नका), काही होत नाही. तीन तास चालू ठेवलंय. इस्त्रीसाठी लागलेला वेळ दहा मिनिटं, त्याआधीचे तीन आठवडे मी चिपा बदलण्यात घालवले.

आता माझ्याकडे चालू स्थितीतल्या ८ मेमरी चिपा शिल्लक आहेत. जुन्याही चांगल्याच निघाल्या.

---

कुतूहल | शनिवार, संध्याकाळी ७:५०

अभिनंदन!! वाचनखूण साठवली. आता मलाही एखादं बिघडलेलं कार्ड हवंय.

---

टवाळ_कार्टं | शनिवार, रात्री ८:०२

गेले ना सगळे डॉलर. चांगलं चाललं होतं.

---

अर्धा_एमबी | शनिवार, रात्री ८:४४

खटपट्या, माझ्याकडे याच चिपेचं ५१२ केबीचं कार्ड आहे, चार सॉकेट भरलेले आणि चार रिकामे. तुमच्यातल्या चार चिपा देता का? माझ्या ८० नॅनोसेकंदांच्या आहेत.

---

खटपट्या | शनिवार, रात्री ९:००

माझ्या ७० च्या आहेत, म्हणजे तुमच्याहून वेगवान, चालतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. चार कशाला, आठही घ्या, आठही सारख्या असल्या की शंकाच नको.

---

पेन्शनर | शनिवार, रात्री ९:२६

@अर्धा_एमबी, बसवताना चिपेची खाच आणि सॉकेटची खाच एकाच बाजूला. या चिपांत १० नंबरच्या पायाला ५ व्होल्ट आणि २० ला ग्राउंड असतं, नेहमीच्या ७४ मालिकेच्या बरोबर उलट. सवयीने मीटर उलटा लावून 'वीजच उलटी येतेय' म्हणत इथे धागा काढू नका. आणि जम्परची पट्टी असेल तर हलवण्याआधी फोटो काढून ठेवा.